'लक्षणीय नाही' म्हणजे काय?
मिरकरवाड्यात मासळी विकणाऱ्या आमच्या बायांना कुणीतरी सांगितलं, स्तनाची हाताने तपासणी फुकट, संशोधनातच आलंय. काय आलंय, ते आम्ही वाचलं. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. तपासणी झालेल्या गटात वीस वर्षांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू १५ टक्के कमी. त्यावर शेरा: 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नाही'. म्हणजे एवढंच, की फरक योगायोगाने पडला असेल ही शंका पुरती फिटली नाही. तपासणी निरुपयोगी, असं त्यात सिद्ध झालेलं नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत तर मृत्यू ३० टक्के घटले, आणि तिथे शंका फिटली. पन्नाशीच्या आत लक्षणीय घट दिसली नाही, हेही आम्ही लपवणार नाही. मावश्यांनो, टोपली उतरवा, तपासून या. गाठ हाताला लागली तर मात्र वय मोजत बसू नका.