मार्का

मुंबईच्या गोदीत मी खोकी उचलतो. खोक्यावर मार्का असतो. माल कुणाचा, कुठं जायचा, ते त्यावरून कळतं. परवा संभाजीनगरला घरी आलो, तर एक व्याख्याता आमच्या पोरांना सांगत होता, ‘स्वतःचा ब्रँड करा. आडनाव गाळा, नोकरी मिळेल.’ शेजारच्या पोरानं लगेच वहीत ‘कांबळे’ खोडून ‘के.’ केलं.

अरे, इथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ला झाला, नाव लागलं १९९४ला. मधे वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं. आणि तू स्वतःचंच नाव खोडतोस? हा ब्रँड तुझा नाही, गिऱ्हाइकाचा मार्का आहे.

पोरगं म्हणालं, ‘दादा, मुलाखतीत पहिलं आडनावच विचारतात. मॅट्रिक होऊन तुला हमालीच मिळाली ना?’

मिळाली. पण मस्टरवर माझं आडनाव पुरं आहे.