जुन्या वाड्याला प्लॅस्टिक पेंट? काम सोडा, पण लावू नका!

हरसूलला राहून रंगकामाचे ठेके घ्यायचेत? मग 2027 चा कुंभमेळा डोळ्यांसमोर ठेवा. त्र्यंबकला आणि जुन्या नाशकात वाडे रंगवायची कामं निघतील. पण एक गोष्ट आजच ठरवा.

चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीला प्लॅस्टिक पेंट लावायचा नाही. मालकाने सांगितलं तरी नाही. या भिंती पावसाळ्यात ओल घेतात, नंतर सोडतात. वर प्लॅस्टिकचा थर बसला की ओल आत अडकते. मग फुगे येतात, पापुद्रे निघतात, शेवटी गिलावाच सुटतो. आणि मालक नावं कोणाला ठेवतो? रंगाला नाही, तुम्हाला!

त्यापेक्षा चुना लावा. नीट भिजवलेला, गाळलेला. भिंत आधी ओली करा आणि पातळ तीन हात द्या. रंगासाठी गेरू किंवा पिवळी माती वापरा. काम करताना डोळे मात्र सांभाळा.

मालक म्हणेल, "चुना टिकत नाही हो." खरंय, तो पुन्हा द्यावा लागतो. अहो, तोच तर तुमचा धंदा! गोव्यात पणजीच्या फोंतेन्यासमध्ये पावसाळ्यानंतर घरं रंगवायची जुनी पद्धत आहे. एकदा विश्वास बसला की गिऱ्हाईक कायमचं.

दगडी बांधकामाला मात्र हात लावू नका. त्र्यंबकेश्वराचं मंदिर पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. अशा ठिकाणी परवानगीशिवाय ब्रश उचलायचाच नाही.

आता सुरुवात करा. गावातली एक मातीची भिंत चुन्याने रंगवा, फोटो काढा. पावसाळ्यानंतर पुन्हा काढा. ते दोन फोटो हेच तुमचं व्हिजिटिंग कार्ड!