तिकिटाआधी लसीचं कार्ड

नैरोबीला आत्याच्या मुलीचं लग्न होतं. घरातून आम्ही पाच जण आणि दादा-वहिनीचं नऊ महिन्यांचं बाळ असे निघणार होतो. न्यायच्या वस्तूंची यादी मीच केली होती. सोलं, पापड, आत्यासाठी साडी, बाळाचे डायपर. लसीचा त्यात पत्ता नव्हता.

निघायला १७ दिवस उरले असताना बाबांच्या एका मित्राने सहज विचारलं, "पिवळ्या तापाची लस घेतली ना?" मग धावपळ. मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात आम्हा मोठ्यांचं काम झालं, बाळाचं अडलं. दोनच दिवसांपूर्वी त्याला गोवर-रुबेलाचा डोस दिला होता. दोन्ही जिवंत विषाणूंच्या लशी. एकाच दिवशी दिल्या तर चालतात, नाहीतर मध्ये ४ आठवडे जाऊ द्यावे लागतात. त्यापुढे प्रमाणपत्र लागू व्हायला आणखी १० दिवस. एकूण ३८ दिवस, आणि आम्ही तर त्याआधीच परतणार होतो!

गंमत म्हणजे भारतातून थेट केनियाला जाताना ते कार्ड कोणी मागत नाही. मागतात ते परतताना, आपल्याच विमानतळावर. नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. सूट फक्त ६ महिन्यांखालच्या बाळांना. बाबा चिडले, "एवढ्याशा पोराला कसले नियम?" मला मात्र नियम बरोबर वाटतो. हा ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे. डेंग्यूचा तोच. पावसाळ्यात तो आपल्याकडे किती असतो ते गोव्यात कोणाला सांगायला नको.

चूक आमचीच होती. एजंटने सीट विचारली, जेवण विचारलं, लस नाही विचारली, हे खरं. पण डोस द्यायला गेलो तेव्हा "बाळ पुढच्या महिन्यात आफ्रिकेला जाणार" एवढे पाच शब्द आपण तरी कुठे बोललो? बोललो असतो तर सकाळी इथे, दुपारी मुरगावला, असं एकाच दिवशी जमवता आलं असतं.

शेवटी वहिनी बाळाला घेऊन मागे राहिली. मागे राहायचं कोणी, हा प्रश्न घरात कोणी विचारलासुद्धा नाही. ते मला अजून खटकतं.

उलट बाजूनेही तेच. मे महिन्यात आखातातली, इंग्लंडमधली भावंडं आजोळी येतात. "घरीच तर चाललोय" म्हणून आईवडील निर्धास्त. पण टायफॉइडचे जंतू नातं बघत नाहीत, आणि तिकडे वाढलेल्या पोरांची त्यांच्याशी ओळखही नसते. टायफॉइडला लस आहे, दूषित पाण्यातून होणाऱ्या 'अ' प्रकारच्या काविळीलाही आहे. विमानातून उतरल्यावर आठवून काय उपयोग?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की, जायचं मनात आलं की आधी पोराचं लसीचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जावं, तिकीट मग काढावं. कुठल्या देशात, किती दिवस, कुठून परत, सगळं सांगावं. महागडं तिकीट पुढे ढकलता येत नाही, आणि लसीचे दिवस तर अजिबातच कमी करता येत नाहीत.

आम्ही तिकडे लग्नात असताना वहिनीने एकटीने बाळाला मुरगावला नेऊन लस दिली. २०१६ पासून ते कार्ड जन्मभर चालतं. आत्याच्या धाकट्याचं लग्न अजून व्हायचंय.