पत कुणाच्या बापाची?



मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचा दर लिहून ठेवलाय. शेकड्याला महिना ब्राह्मणाकडून दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. वर्षाचा हिशोब मांडा. वरच्याला २४ टक्के, खालच्याला ६०. पैसा तोच, मुदत तीच, नड खालच्याची जास्त. दर मात्र जन्मावरून. आणि जो या चार खणांच्याही बाहेरचा, गावकुसाबाहेरचा, त्याचा दर त्या श्लोकात नाहीच. ज्याला हिशोबात धरायचंच नाही त्याचा दर कशाला लिहायचा?

हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाहीर जाळलं. आपण दरवर्षी त्याची आठवण काढतो, भाषणं ठोकतो, घरी येतो. पण पुस्तक जळालं तरी त्यातला हिशोब जळाला नाही. तो बँकेच्या काउंटरमागे जाऊन बसला. तिथे आता जात विचारत नाहीत. तिथे स्कोअर विचारतात.

सिबिल नावाची कंपनी २००० साली निघाली. २००५ साली दिल्लीने कायदा करून या धंद्याला चौकट दिली. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. माणसाला ३०० ते ९०० च्या दरम्यान मार्क देतात. साडेसातशेच्या वर असलास तर मॅनेजर खुर्ची देतो, चहा सांगतो. सहाशेच्या खाली असलास तर मान वर करत नाही. आणि ज्याने जन्मात बँकेचं कर्ज घेतलं नाही, त्याच्या कागदावर काय येतं? वजा एक. नाहीतर दोन अक्षरं: एन.एच. म्हणजे नो हिस्टरी. इतिहास नाही.

मनूने आम्हाला खण दिला नव्हता. या साल्यांनी खण दिला आणि वर पाटी मारली: इतिहास नाही!

कुणाला इतिहास नाही? लालबागच्या मसाला गल्लीत डंकावर राबणाऱ्या बाईला? भारतमाताच्या नाक्यावर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराला? गणपतीत मंडपाची लायटिंग आणि बाकीचं वर्ष एसीची कामं करणाऱ्याला? खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवणाऱ्या पोरीला? तुझ्या आईने तीस वर्षं भिशीचा एक हप्ता चुकवला नाही. बापाने खोलीचं भाडं थकवलं नाही. वाण्याची उधारी पगाराच्या दिवशी चुकती. लाइटबिल वेळेवर, जयंतीची वर्गणी त्याच्याही आधी. हे सगळं फेडणंच होतं ना? मग ते त्या कंपनीच्या कागदावर का नाही? कारण तिथे फक्त बँकेचं आणि फायनान्सवाल्याचं कर्ज लिहितात. जिथे आम्हाला दारात उभं केलं नाही, तिथल्याच वहीत आमचं नाव शोधायचं आणि सापडलं नाही की आम्हालाच बेभरवशाचं ठरवायचं. वा रे न्याय!

फॉर्मवर जातीचा रकाना नसेल. पण बाकीचे रकाने वाचा. मालकीचं घर आहे का? पागडीची खोली तारण चालत नाही, ती मालकाची. तीन वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्न आहे का? पगाराची स्लिप आहे का? जामीनदार कोण, तो काय करतो? ज्याच्या बापाचा फ्लॅट आहे, काका ऑफिसर आहे आणि मामा सीए आहे, त्याचा फॉर्म दहा मिनिटांत भरून होतो. ही चाळण कुणाला खाली पाडते ते सांगायला भटजी लागत नाही.

आणि हे आजचं नाही. गिरणगावात पत म्हणजे गिरणीची नोकरी. पगार महिना उलटून गेल्यावर हातात पडायचा. तोवर वाण्याची वही आणि पठाणाचा पैसा. रुपयाला महिना एक आणा. म्हणजे वर्षाला शेकडा ७५. मनूने शूद्राला लावलेल्या दरापेक्षा पंधरा टक्के जास्त! त्या नोकरीतही जात होतीच. विणकाम खात्यात पगार बरा, तर तिथे आमच्या बापजाद्यांना मज्जाव. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि आमच्या थुंकीने यांचा धागा बाटायचा. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढे केला. कामगार सगळे एक म्हणायचं आणि धाग्याला मात्र जात! पगार कमी म्हणून उधारी जास्त, उधारी जास्त म्हणून पत कमी. असं हे रहाटगाडगं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ जण पुन्हा आत गेलेच नाहीत. भोंगा गेला, तशी नोकरीच्या जोरावर मिळणारी पतही गेली. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले, मॉल आले. पोरं स्वयंरोजगारी झाली. स्वयंरोजगार! काय गोंडस शब्द आहे. ज्याला कुणी रोजगार दिला नाही तो स्वयंरोजगारी.

ज्यांना वाटतं की शिकलं म्हणजे पत येते, त्यांनी परळच्या बी.आय.टी. चाळीपर्यंत चालत जावं. लालबागपासून लांब नाही. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून अर्थशास्त्र शिकून परत आले. बडोद्याच्या नोकरीत अपमान गिळून मुंबईला आले. पोट भरायला शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला द्यायचा स्वतःचा धंदा काढला. गिऱ्हाइकं आली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं, गिऱ्हाइकं गेली. धंदा बसला. विद्या कोलंबियाची, अक्कल सगळ्या बाजाराला पुरून उरेल एवढी, आणि पत शून्य! १९२० साली राहिलेला अभ्यास पुरा करायला ते लंडनला निघाले, तेव्हा पाच हजार रुपये उसने दिले ते नवल भथेना या पारशी दोस्ताने. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ज्याचा ग्रंथ निघाला, त्या माणसाला तारण होतं ते फक्त दोस्तीचं.

तिकडे कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. महाराजांनी मदत केली ती केलीच. पण त्याहून मोठी गोष्ट दिली ती गिऱ्हाईक.

यातून काय निघतं? पत हा माणसाच्या अंगचा गुण नाही. अंगचाच गुण असता तर बाबासाहेबांचं ऑफिस बंद पडलं नसतं. समोरच्याने तुला माणूस मानलं, तुझ्या शब्दाला किंमत दिली, की पत तयार होते. जातीने नेमकं तेच नाकारलं. म्हणून ही लढाई एकट्याने झिजून जिंकता येत नाही. आणि रोज चहा प्यायला शाहू महाराज येणार नाहीत. आपणच एकमेकांचे शाहू व्हायचं.

हे स्वप्नरंजन नाही. १९७५ साली याच गिरणगावात प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एवढ्याशा खोलीत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका. कागद नाही, तारण नाही, सावकाराचं व्याज मानेवर. त्यांच्यासाठी राष्ट्रीयकृत बँकेचं कर्ज मिळवलं. एकीचा जामीन दुसरी, दुसरीचा तिसरी. १४ बँका १९ जुलै १९६९ ला सरकारच्या झाल्या होत्या, पण या बायकांची तिथे पत लागली ती जथ्याने गेल्यावर.

आता आपल्याला नागवणाऱ्यांची ओळख करून घेऊ. पहिला तो टायवाला उपदेशक. मेहनत कर, शिस्त पाळ, पत आपोआप येईल! आमच्या आयांनी मेहनत कमी केली का रे? दुसरा मोबाइलमधला सावकार. पाच मिनिटांत पैसे देतो, तुझ्या फोनमधले नंबर आणि फोटो उचलतो आणि हप्ता चुकला की तुझ्या बहिणीला फोन करतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले: पैसा थेट तुझ्या खात्यात आला पाहिजे, एकूण खर्च आधी कागदावर सांगितला पाहिजे, फोनमधल्या नंबरांना हात लावायचा नाही. जो नंबर मागतो तो पठाणाचाही बाप. त्याला फोनमधून हाकल.

तिसरे आपले पुढारी. महात्मा फुले महामंडळ १९७८ साली निघालं, अण्णाभाऊ साठ्यांच्या नावाचं १९८५ साली. नावं केवढी मोठी! अण्णाभाऊंच्या नावाच्या महामंडळात काय झालं? २०१५ साली त्याच्या माजी अध्यक्षाला कोट्यवधींच्या अपहाराच्या आरोपाखाली अटक झाली. पोरगा मात्र बीज भांडवलासाठी जामीनदार शोधत फिरतोय.

आणि चौथे आपण. एक म्हणतो, कर्ज हा भांडवलशाहीचा फास, क्रांतिकारकाने घेऊ नये. दोस्ता, कर्ज तू घेतोसच. गल्लीतल्या दादाकडून महिना दहा टक्क्याने घेतोस. तो काय फुलांचा हार आहे? दुसरा म्हणतो, आपण उद्योजक होऊ, मग जात आपसूक जाईल. अरे, परळच्या चाळीत राहणाऱ्या त्या अर्थशास्त्रज्ञाची गेली नाही, तुझी जाईल?

मग करायचं काय? त्यांची वही त्यांच्याच भाषेत वाचायची आणि आपलं नाव त्यात खणखणीत लिहायचं. धंद्याचा पैसा खात्यातून फिरव. उद्यम नोंदणी फुकट आहे; एजंटाला दमडी देऊ नको. कर बसत नसला तरी रिटर्न भर. तीच तुझी पगाराची स्लिप. दहा-पंधरा हजार साठले तर मुदत ठेव कर. तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँका आहेत. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वापर आणि बिल पुरतं भर. 'किमान रक्कम' भरून मोकळा झालास तर वर्षाला ३६ ते ४२ टक्के चढतात. फेरीवाला असशील तर २०२० पासूनची स्वनिधी योजना आहे. आता पहिलं कर्ज १५ हजारांपर्यंत, फेडलं की २५, मग ५०. मुद्रा २०१५ ची. ५० हजारांपर्यंत शिशु, आणि दहा लाखांपर्यंतच्या मुद्राला तारण मागता येत नाही. मॅनेजरने मागितलं तर नियम दाखव म्हण.

आणि नकार मुकाट्याने घेऊ नको. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय. नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं. सरकारी योजनेतला अनुसूचित जातीच्या माणसाचा अर्ज शाखेच्या पातळीवर फेटाळता येत नाही. तो वरच्या अधिकाऱ्याने, कारण देऊन फेटाळायचा असतो. किती पोरांना हे माहीत आहे? मॅनेजर 'स्कोअर नाही, नंतर या' म्हणतो आणि आपण पायऱ्या उतरतो. उतरायचं नाही. कागद मागायचा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. चारही कंपन्यांचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढ. न घेतलेलं कर्ज नावावर असेल तर तक्रार कर. तीस दिवसांत दुरुस्त केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई त्यांनी द्यायची आहे.

पण हे सगळं एकेकट्याने केलं तर एखादा वर चढेल आणि शिडी ओढून घेईल. असे आपण पुष्कळ पाहिले. म्हणून गल्लीत दहा जणांचा गट करा. एकमेकांचे हिशोब उघडे ठेवा. जामीन म्हणून सही करताना भावनेला आवर घाला. दोस्ताने बुडवलं तर ते तुझ्याही नावावर चढतं. भिशीची वही नीट लिहा, नोंदणी करून तिची पतसंस्था करा. आणि रस्त्यावर मागणी घेऊन या: भाडं, लाइटबिल, भिशी हे सगळं इतिहासात धरा. अनुसूचित जातीचे किती अर्ज आले, किती नाकारले, ते प्रत्येक शाखेने दारावर लावा.

बँकेत एकटा जाऊ नकोस. दहा जण जा. आणि 'इतिहास नाही' असं तो म्हणाला, की आईची भिशीची वही त्याच्या टेबलावर ठेव. म्हणावं, वाच. हा इतिहास. आता तुझा दाखव.