अन्नाची पाकिटे आणि हक्काचे रेशन

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा म्हणजे वाहन उद्योगाची पंढरी, असे अभिमानाने सांगितले जाते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे आकुर्डी-भोसरीत कारखाने आले आणि २००९ साली चाकणमधून जर्मन मोटारीही बाहेर पडू लागल्या. या संपत्तीबरोबर उद्योजक, वकील, डॉक्टर, अभियंते, सनदी लेखापाल यांच्या संघटनाही वाढल्या. या संघटना सभासदांकडून निधी जमवतात आणि त्यातून शिधा, अन्नाची पाकिटे, थंडीत ब्लँकेट वाटतात. २०२० च्या टाळेबंदीत अशा मदतीवर कितीतरी मजूर कुटुंबांनी दिवस काढले. उपाशी माणसाच्या हाती आधी भाकरी दिली पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ज्यांनी ती दिली त्यांचे ऋण आम्ही मान्य करतो.

पण पुढचा सवाल विचारलाच पाहिजे. ज्या पट्ट्यात देशासाठी मोटारी तयार होतात, तिथे त्या मोटारींचे सुटे भाग बनवणारा, त्या कारखान्यांच्या भिंती बांधणारा माणूस उपाशी का झोपतो? पुलाखाली का झोपतो? पाकीट वाटणारा हात हा सवाल टाळणार असेल, तर पुढच्या वर्षी त्याच पुलाखाली तीच रांग लागणार.

हा वाद बाबासाहेबांनी फार पूर्वी मांडून ठेवला आहे. पुणे करारानंतर १९३२ मध्ये सवर्ण पुढाऱ्यांनी अस्पृश्यता निवारणासाठी संस्था काढली. हीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले होते. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून त्यांनी संस्थेचे सरचिटणीस अ. वि. ठक्कर यांना पत्र लिहिले. माणसाची दैना त्याच्या स्वतःच्या दोषांमुळे होते असे मानले, तर त्याला चांगल्या सवयी शिकवणे एवढेच काम उरते. भोवतालची व्यवस्था त्याला दैनेत ठेवते असे मानले, तर ती व्यवस्था बदलण्यावर पैसा आणि माणसे खर्च करावी लागतात. बाबासाहेबांचा आग्रह दुसऱ्या मार्गाचा होता. विहीर, शाळा, चावडी येथे नागरी हक्क मिळवून द्या, गिरण्यांच्या विणकाम खात्याची बंद दारे उघडा, असे त्यांनी सुचवले. संस्थेने तो मार्ग धरला नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्याचा पुरता समाचार घेतला.

आजच्या निधीलाही हीच कसोटी लावा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला. मात्र राज्य शासनाने त्याच वर्षी शहरी भागासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरवली वर्षाला ५९ हजार रुपये. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत! पाच हजार कमावणारा कंत्राटी कामगार शासनाच्या हिशेबी गरीबच ठरत नाही. ज्याच्याकडे गावचे कार्ड आहे, मग तो बीडचा असो की बिहारचा, त्याला 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत इथल्या दुकानात धान्य मिळायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात सर्व राज्यांना ही योजना ३१ जुलैपर्यंत लागू करायला फर्मावले होते. ते मजुराला कोण सांगणार? दुकानदाराने परत पाठवले तर तक्रार कोण लिहिणार? एका पाकिटाने एक जेवण होते. एक कार्ड चालू झाले तर घरात दरमहा धान्य येते.

निवाऱ्याचेही तेच. निवारा हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये चमेलीसिंग खटल्यात सांगितले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. त्या हिशेबाने सतरा निवारे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात किती झाले, किती चालू आहेत, हे या संघटनांनी माहिती अधिकारात महापालिकेला विचारावे. उलट १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा रस्त्यावरच्या कंगालाला गुन्हेगार ठरवतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्यापुरती त्यातील शिक्षेची कलमे रद्द केली.

परदेशातला अनुभवही बोलका आहे. कॅनडात १९८१ साली एडमंटन शहरात तात्पुरती सोय म्हणून पहिली अन्नपेढी निघाली. १९९८ मध्ये टोरांटोच्या वकिलांनी भुकेल्यांना जेवण देण्याचा उपक्रम सुरू केला. हेतू चांगलाच होता. पण तात्पुरती म्हणून निघालेली सोय चार दशकांनंतरही चालूच आहे. दया दीर्घकाळ चालली की सरकार निर्धास्त होते.

म्हणून निधी जमवणाऱ्या संघटनांना आमचे सांगणे आहे. निधीचा निम्मा भाग मजूर अड्ड्यांवर आणि चाळींत मदत केंद्रे चालवायला द्या. आम्ही वकिली करणाऱ्यांनी पैशाबरोबर वेळही दिला पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. तालुका समितीपर्यंत त्यांना नेणे हे आमचे काम आहे. उद्योजकांनी पाकीट वाटण्याआधी आपल्याच गेटवरच्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही ते पाहावे. मजुरी बुडवून केलेले दान हे दान नव्हे, ती चोरीच्या मालातली वाटणी आहे. आणि घेणाऱ्याचा फोटो छापू नका. भुकेल्यालाही इभ्रत असते.

आपल्या समाजातील नोकरदारांनाही हे लागू आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी याच पट्ट्याला लागून असलेल्या देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. १९५६ मध्ये त्यांनी बौद्धांकडे मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मासाठी मागितला. दान ही दहा पारमितांतली एक आहे. ती पाळताना घेणाऱ्याला लाचार करायचे नसते. आपला विसावा हिस्सा जयंतीच्या डीजेवर उधळायचा की शेजारच्या चाळीतल्या मजुराचे रेशनकार्ड, मजुरी आणि निवारा मिळवून देण्यावर लावायचा, याचा निर्णय प्रत्येक विहाराच्या बैठकीत झाला पाहिजे. ज्याला आज पाकीट दिले, तो उद्या रेशन दुकानात ताठ मानेने धान्य मागेल, तेव्हाच आपले दान पोहोचले असे आम्ही समजू.