किलोमीटरमागे वीस सेकंद

वाचकहो, पन्नाशी गाठलेल्या गृहस्थाने पहाटे उठून रस्त्यावर पळत सुटावे की नाही, हा वाद आमच्या घरात मिटून आता सहा वर्षे झाली. मिटला म्हणजे सौ.ने तो सोडून दिला. यंदा मात्र नवाच वाद उपस्थित झाला आहे. पळायचे तर पळा, पण आता आणखी जोरात कशासाठी, असा तिचा सवाल आहे. आणि सवाल रास्त असल्यामुळे त्याचे उत्तर एका वाक्यात देणे मला आजवर जमलेले नाही. दिवाळी अंकात या सदराला थोडी ऐसपैस जागा मिळते, म्हणून येथे प्रयत्न करून पाहतो.

आधी आकडे. गेल्या जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन मी २ तास ७ मिनिटांत पुरी केली. हे अंतर २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर असते. (सगळ्या शर्यतीत हे वरचे मीटरच सर्वांत लांब असतात, हे पळणारा कोणीही शपथेवर सांगेल.) म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे आणि एक सेकंद पडला. येत्या जानेवारीत, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, हेच अंतर मला दोन तासांच्या आत कापायचे आहे. त्यासाठी किलोमीटर ५ मिनिटे ४१ सेकंदांत गेला पाहिजे. फरक वीस सेकंदांचा. गॅसवरचे दूध वर येऊ लागल्यापासून उतू जाईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढाच. तो एकदा वाचवणे सोपे. लागोपाठ एकवीस वेळा वाचवायचा, आणि तोही पेडर रोडचा चढ मध्ये ठेवून, म्हणजे कठीण काम आहे.

आता 'कशासाठी' याकडे येतो. माझे वडील एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. अंगाने काटक, रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या घालणारे. पन्नासावे वर्ष लागले तशी त्यांनी ती फेरी बंद केली. "आता आमचे काय राहिले!" हे वाक्य त्यांनी त्या वर्षी प्रथम उच्चारले आणि पुढे तेवीस वर्षे ते उच्चारीत राहिले. मधुमेह झाला, गुडघे गेले. शेवटची चार वर्षे तीन जिने चढणे-उतरणे होईना, म्हणून घरापासून पाच मिनिटांवर असलेले शिवाजी पार्क त्यांच्या दृष्टीस पडले नाही. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून ते मैदानावरचा आरडाओरडा ऐकत आणि मी बाहेरून आलो की विचारीत, "कोण खेळत होते रे?"

गेल्या वर्षी माझ्या रक्ताचा अहवाल आला, त्यात तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ होता. साडेसहापासून मधुमेह धरतात, म्हणजे मी उंबऱ्यावर उभा. सौ. म्हणाली, "अहो, साखरेसाठी चालणे पुरे. डॉक्टरांनी दोन तासांचे नाव तरी काढले होते का?" नव्हते काढले. तिचे म्हणणे अगदी खरे आहे. पण चष्म्याचा नंबर वाढतो, रक्तदाब वाढतो, सोसायटीचा मेन्टेनन्स वाढतो, आणि यांतले एकही माझ्या हातात नाही. माझ्या कष्टाने उतरेल असा एक तरी आकडा मला हवा आहे. याहून मोठे कारण मजजवळ नाही.

आमच्याकडे शर्यतींचा हंगाम म्हणजे साधारण हिवाळा. उन्हाळ्यात घामाने आणि पावसाळ्यात चिखलाने माणूस घरी बसतो. सातारकर पावसाळ्यातच यवतेश्वरचा घाट चढणारी हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरवतात ती गोष्ट वेगळी. सातारकरांचे सगळेच वेगळे. आम्हा मुंबईकरांचे जून ते सप्टेंबर हे महिने मोकळे, आणि जाणकार सांगतात की जानेवारीची शर्यत याच महिन्यांत धावली जाते.

हे ज्याने जगाला पटवून दिले तो आर्थर लिडियर्ड हा न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, जोड्यांच्या कारखान्यात काम करणारा माणूस. त्याने सारे प्रयोग आधी स्वतःच्या देहावर केले. मग आळीतल्या पोरांना हाताशी धरले आणि शर्यती नसतील त्या महिन्यांत त्यांच्याकडून आठवड्याला शंभर-शंभर मैल पळवून घेतले. पल्ला लांब आणि चाल श्वास न कोंडणारी. आठशे मीटर पळणाऱ्याला बावीस मैल कशाला पळवता, असे लोक हसून विचारीत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने आठशे मीटरचे सुवर्णपदक घेतले आणि त्याच दिवशी, तासाच्या आत, मरे हॅलबर्गने पाच हजार मीटरचे. हॅलबर्गचा डावा हात रग्बी खेळताना अधू झालेला होता. त्यानंतर कोणी हसले नाही.

पण मला अधिक भावते ती १९६२ सालची हकीकत. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचा नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन लिडियर्डकडे पाहुणा गेला. लिडियर्डने त्याला सकाळी गावातल्या हौशी मंडळींबरोबर फिरायला पाठवले. बॉवरमनचे वय ५१, म्हणजे माझ्याच बेताचे. थोड्याच वेळात त्याची छाती भरून आली आणि तो मागे पडला. त्याला सोबत करायला म्हणून जो थांबला, तो सत्तरी उलटलेला आणि तीन वेळा हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला म्हातारा होता! वाटेत तो गप्पा मारीत होता आणि बॉवरमनला उत्तर देण्यापुरता श्वास नव्हता. मायदेशी परतल्यावर बॉवरमनने जॉगिंगचा प्रसार केला, त्यावर पुस्तक लिहिले, आणि अमेरिकेतले मध्यमवयीन गृहस्थ रस्त्यावर आले.

तात्पर्य, पावसाळाभर मी हळू पळलो. किती हळू, याची कसोटी सोपी आहे. शेजारी पळणाऱ्याशी पुरी वाक्ये बोलता आली पाहिजेत. मी आणि माझ्या कचेरीतले एक मित्र, आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्याबाहेरून फेऱ्या घालीत बढत्या, बदल्या आणि मुलांच्या प्रवेशपरीक्षा या विषयांचा फडशा पाडला. कट्ट्याची फेरी सव्वा किलोमीटरला किंचित कमी भरते. आजूबाजूने आजोबामंडळी झपाझप चालत आम्हाला जवळजवळ ओलांडून जात. एक काका तर म्हणाले, "पळताय की वरातीत आहात?"

हळू पळून माणूस जोरात कसा पळू लागेल, ही शंका मलाही होती. उत्तर शरीराच्या आतल्या कारभारात आहे. अशा पळण्याने स्नायूंतल्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमध्ये शक्ती तयार करणारी मायटोकाँड्रियाची भट्टी वाढते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते. हृदयाचा कमाल ठोका वयाबरोबर उतरतो, तो कितीही मेहनत केली तरी वर चढत नाही. तेव्हा एकेका ठोक्याकडून जास्त काम करून घेणे हाच मध्यमवर्गीय मार्ग. शिवाय हृदय आणि फुप्फुसे आठवड्यांत तयार होतात, पण कंडरा आणि हाडे महिने घेतात. एखाद्याचा दम पुरतो पण टाच धरते, ती या तफावतीमुळे. म्हणून जूनमध्ये आठवड्याला २५ किलोमीटरपासून आरंभ करून सप्टेंबरअखेर मी ४५ वर आलो, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी पळलो.

मुंबईच्या पावसाळ्यात घड्याळाकडे पाहून पळणे व्यर्थ आहे. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही. तो वाळला नाही तर अंग निवत नाही, आणि अंग निववण्यासाठी हृदयाला कातडीकडे जादा रक्त पाठवावे लागते. एरवी सहज जमणारी चाल त्या दिवसांत छाती फोडते. म्हणून मी नाडी धरली. जून महिन्यात मिनिटाला १४० ठोक्यांवर मला एक किलोमीटरला ७ मिनिटे २० सेकंद लागत. सप्टेंबरच्या शेवटी, त्याच ठोक्यांवर, तितक्याच चिकट हवेत, ६ मिनिटे ५० लागली. हा आकडा मी सौ.ला दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे अजून सहाच्या खाली नाहीच ना?" हिशेबाला ती माझ्यापेक्षा पक्की आहे.

दुसरे काम जिन्यावर झाले. चाळिशीनंतर स्नायू झिजू लागतात, आणि त्यांतले जोर लावणारे धागे आधी जातात. नुसत्या पळण्याने ते राखले जात नाहीत. त्यांना ओझे दाखवावे लागते. मी आठवड्यातून दोनदा बैठका काढतो, दहा किलोची तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन तीन जिने चढतो, आणि पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली करतो. शेजारच्या मावशींनी प्रथम पिशवी पाहिली तेव्हा घरी काही कार्य आहे का म्हणून विचारले. आता त्या नुसतेच दार लावून घेतात. आणि आठवड्यातून एकदा, हळू पळणे संपले की, वीस-वीस सेकंदांच्या सहा जोरदार धावा. पायांना वेगाचा विसर पडू नये एवढ्यापुरत्या.

आहाराचे प्रकरण नाजूक आहे. आमच्या वरणभातात भाताला वरणाने फक्त रंग चढलेला असतो. या वयात झिजलेला स्नायू भरून काढायला प्रथिने तरुणपणापेक्षा थोडी अधिकच लागतात. अंडी घरात आधीपासून येत होतीच. आता मटकीची उसळ, पिठले आणि ताक यांना पानात बढती मिळाली आहे. श्रावण सोमवारच्या साबुदाण्यापुढे मात्र कोणत्याही शास्त्राचे काही चालले नाही, आणि चालू नये.

खर्चाविषयी एक शब्द. तळव्यात कार्बनची पट्टी घातलेले जोडे निघाले आहेत, किंमत वीस हजारांच्या वर. त्यांनी वेग वाढतो, हे मोजून सिद्ध झालेले आहे. पण तीन महिन्यांच्या किराण्याची रक्कम पायात घालून पळताना मला हिशेबच आठवत राहील. चिरंजीव म्हणतात, "बाबा, तुम्ही जुन्या काळातले." असेन.

वाडीतले आमचे एक ज्येष्ठ स्नेही हे सगळे साहेबांचे खूळ समजतात. त्यांना मी सांगतो की १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले पुरी मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले; तेव्हा खूळ जुने आहे आणि आपलेही आहे. आणि वयाचा मुद्दा निघालाच तर एड व्हिटलॉकचे नाव घेतो. कॅनडातल्या मिल्टन गावी हा गृहस्थ घराजवळच्या दफनभूमीत रोज दोन-दोन, तीन-तीन तास मंद चालीने फेऱ्या घाली. २००४ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्याने ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत धावून काढली. ही गोष्ट घरी सांगितली, तेव्हा आपल्याकडेही स्मशानभूमी जवळच आहे, हे माझ्या लक्षात येण्याआधी सौ.च्या लक्षात आले. "त्या बाजूला पळत जायचे नाही," एवढेच ती म्हणाली.

ऑक्टोबरपासून काम बदलले आहे. आता शर्यतीच्या चालीचे तुकडे: दोन किलोमीटर त्या चालीने, तीन मिनिटे सावकाश, असे चार वेळा. पहिल्या दिवशी तिसऱ्या तुकड्याला ५ मिनिटे ४१ चे ५ मिनिटे ५२ झाले. परवा चारही तुकडे चाळिशीत बसले. पण असल्या मेहनतीनंतर पंचविशीतला पोरगा दुसऱ्या दिवशी ताजा होतो, मला तीन दिवस लागतात. म्हणून मी माझा आठवडा दहा दिवसांचा करून टाकला आहे. पंचांगाला तो मान्य नाही, गुडघ्यांना आहे.

सौ.विषयी एक बातमी द्यायची राहिली. ऑगस्टपासून ती पहाटे माझ्याबरोबर खाली उतरते. मी चौदा फेऱ्या घालतो तोवर ती तीन-चार फेऱ्या चालते आणि कट्ट्यावर माझी पाण्याची बाटली घेऊन बसते. माझा वेळ मनगटावरच्या घड्याळात असतोच, तरी प्रत्येक फेरीला तीही आपल्या फोनवर पाहते आणि मी जवळून गेलो की आकडा सांगते. आकड्यापुढे मागे काही बोलत नाही. गेल्या खेपेला नवव्या फेरीला म्हणाली, "चार सेकंद गेले."

दहा दिवसांच्या आठवड्यामुळे घोटाळा एकच झाला आहे. अठरा किलोमीटरांचा लांब पल्ला नेमका नरकचतुर्दशीच्या पहाटे येतो. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी व्हायला हवे आणि पळणेही ऊन तापण्यापूर्वी. पल्ला आदल्या दिवशी घ्यावा तर पाय मोकळे झालेले नसतात. दुसऱ्या दिवशी घ्यावा तर पाहुणे येतात. तीन वाजता उठून पळून येतो, असे मी सुचवले. त्यावर आमची वाटाघाट दोन दिवस चालली आणि काल रात्री निकाल लागला. चार वाजता तेल, उटणे, आंघोळ. दाराशी कारीट मी फोडायचे. साडेपाचला खाली उतरायचे. पाणी घेऊन ती येणार आहे, मात्र आठला परत नाही आलो तर फराळाला माझ्यासाठी कोणी थांबणार नाही, असे कन्येने बजावले आहे. अठरा किलोमीटर, साडेसहाच्या चालीने, म्हणजे एक तास सत्तावन्न मिनिटे. जिन्यासाठी आणि जोडे काढण्यासाठी बाकी वेळ पुरेल, असा माझा हिशेब आहे, सौ.ने तो अजून तपासलेला नाही.