काळी चार म्हणजे षड्ज नव्हे

‘परफेक्ट पिच’ हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांत अलीकडे चांगलाच रुळला आहे. दूरचित्रवाणीवरील गाण्यांच्या स्पर्धा, मोबाइलवरची स्वर मोजणारी अ‍ॅप्स आणि चार वर्षांचे एखादे मूल पाठ करून बसून पियानोची पट्टी अचूक ओळखते आहे अशा चित्रफिती यांमुळे, ही शक्ती म्हणजे संगीताच्या दैवी देणगीचा पुरावाच होय, असे पालकांना वाटू लागले आहे. ज्याला ती आहे तो जन्मजात कलावंत आणि ज्याला नाही त्याने मुकाट्याने श्रोत्यांत जाऊन बसावे, असा या समजुतीचा उपसिद्धान्त. मला ही समजूत अडाणीपणाची वाटते. आणि आपल्या संगीतापुरते बोलायचे तर घातकही वाटते.

मुळात घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. ‘परफेक्ट’ म्हटले की परिपूर्ण, निर्दोष असा अर्थ मनात उभा राहतो. वस्तुतः ही शक्ती म्हणजे निरपेक्ष स्वरज्ञान: कोणताही आधारस्वर न ऐकता, कानावर पडलेल्या नादाला त्याचे नाव देता येणे. लाल रंग पाहिल्यावर ‘हा लाल’ म्हणायला शेजारी निळा असावा लागत नाही, तसेच हे. त्यात गोडवा, लयीची जाण, रागाची समज यांपैकी काहीही गृहीत नाही. ही शक्ती सहसा त्यांच्यातच दिसते ज्यांचे संगीतशिक्षण सहा-सात वर्षांच्या आत सुरू झालेले असते. २००६ साली डायाना डॉइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीजिंग आणि अमेरिकेतील रॉचेस्टर येथील संगीतविद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. चौथ्या-पाचव्या वर्षी संगीत शिकू लागलेल्यांपैकी बीजिंगच्या सुमारे ६० टक्के विद्यार्थ्यांना हे ज्ञान होते, अमेरिकेतील सुमारे १४ टक्क्यांना. मँडरिन भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थच बदलतो, हे त्यामागचे कारण असावे असे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे देणगी म्हणावी तर ती भाषेचीही ठरते! त्याआधी १९९४ साली डॅनियल लेव्हिटिन यांनी साध्या विद्यार्थ्यांना आवडीची गाणी आठवणीतून गायला सांगितली, तेव्हा बऱ्याच जणांनी ती मूळ ध्वनिमुद्रणाच्या पट्टीत किंवा तिच्या अगदी जवळ गायिली. स्वराची स्मृती पुष्कळांपाशी असते; त्या स्वराला नाव देण्याची सवय मात्र नसते.

आणि नाव तरी कशाचे द्यायचे? ज्या ‘ए’ स्वराला आज सेकंदाला ४४० कंपने मानतात, तो आकडा १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरला. त्याआधी १८५९ पासून फ्रान्समध्ये अधिकृत आकडा ४३५ होता, आणि बरोक काळातील संगीत वाजवणारे वाद्यवृंद आजही पुष्कळदा ४१५ वर वाद्ये लावतात. म्हणजे या ‘निरपेक्ष’ ज्ञानाचा निकषच मुळी माणसांनी बसून ठरवलेला आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात त्याचा उपयोग आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिथेही ते नेहमी वरदानच ठरते असे नाही. जपानमधील केनइची मियाझाकी यांच्या प्रयोगांत असे आढळले की, आधारस्वर नेहमीच्या जागेवरून हलवला की निरपेक्ष ज्ञान असलेली मंडळी दोन स्वरांतले अंतर ओळखताना अडखळतात. नाव इतके घट्ट चिकटलेले असते की नाते ऐकूच येत नाही.

आपल्याकडे तर सारा कारभार नात्याचाच. ‘सा’ ही कंपनसंख्या नाही, ती एक जागा आहे. गाणारा जिथे बसेल ती. गवई ‘काळी एक’ म्हणतो, गायिका ‘काळी चार’ म्हणते, तेव्हा ते फक्त बैठक सांगत असतात, स्वर नव्हे. ही भाषादेखील पेटीने दिली. पेटी येण्यापूर्वी गवयी आपल्या गळ्याला सोसेल तिथे तंबोरा लावीत.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. तिसऱ्या काळीला षड्ज मानून त्या पाच पट्ट्या आळवल्या तर भूप उभा राहतो. त्याच पट्ट्या, एकही न बदलता, पाचव्या काळीवर षड्ज ठेवून वाजवा: मालकंस. पहिल्या काळीवर षड्ज नेला की दुर्गा, दुसऱ्या काळीवर नेला की धानी. (अर्थात हे सांगाडे झाले, चलन आणि न्यास यांच्यावाचून राग होत नाही, हे जाणकारांनी मला सांगण्याची गरज नाही.) ज्याला प्रत्येक पट्टीचे नाव येते त्याला चारही वेळा तीच पाच नावे ऐकू येतील. भूपाची प्रसन्नता मालकंसाच्या गांभीर्यात कोठे आणि कशी पालटली, हे त्याला त्या नावांतून कधीही कळणार नाही. ते कळते षड्जाशी जडलेल्या नात्यातून. मूर्च्छना ती हीच. भरताने नाट्यशास्त्रात दोन वीणा सारख्या लावून, एक स्थिर ठेवून व दुसरी उतरवत नेऊन श्रुती सिद्ध केल्या, तिथेही युक्तिवाद तुलनेचाच आहे.

पंडित जसराज यांनी रूढ केलेली जसरंगी जुगलबंदी हा याचा चालताबोलता दाखला आहे. गायक आपल्या षड्जावर, गायिका आपल्या; त्याचा मध्यम तोच तिचा षड्ज. तो अभोगी गातो, ती कलावती गाते, आणि दोघांच्या गळ्यांत स्वर मात्र तेच पाच असतात. ऐकणाऱ्याने कोणाच्या षड्जाला कान लावला आहे, यावर त्याला कोणता राग ऐकू येतो हे ठरते. गंगूबाई हनगल यांच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात: बारीक, चढा आवाज. पुढे घशाच्या उपचारांनंतर तोच आवाज इतका खाली आणि भारदस्त झाला की नवखा श्रोता पुरुषाचा समजतो. षड्ज केवढा सरकला! रागाचे मात्र काही बिघडले नाही.

तेव्हा कान ‘तयार’ करायचा म्हणजे काय करायचे? इथे पेटीचा जुना वाद पुन्हा काढावा लागतो. पेटीचा शुद्ध गंधार हा तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. आकडा लहान दिसतो, पण तंबोऱ्याशेजारी तो गंधार सरळ टोचतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्ससाहेब यांनी गेल्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी करून यावर तोडगा काढू पाहिला. बडोद्याला १९१६ साली भरलेल्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, परंतु आपल्या गवयांत ती रुजली नाही. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली, ती १९७१ पर्यंत कमीअधिक टिकली. मला बंदी पटत नाही. गोविंदराव टेंबे ज्या वाद्यातून बोलले ते वाद्य त्याज्य कसे म्हणावे? साथीची पेटी वेगळी, शिकवणीची पेटी वेगळी. आक्षेप दुसरीवर आहे.

आज गल्लोगल्ली चालणाऱ्या गाण्याच्या वर्गांत मूल प्रत्येक स्वर पेटीच्या बोटाला धरून गाते. पेटी आधी, गळा मागून. पाच वर्षे अशी गेल्यावर पेटी थांबली की मूल थांबते. आता त्याची जागा पडद्यावरच्या काट्याने घेतली आहे: स्वर बरोबर असेल तर हिरवा, चुकला तर लाल. म्हणजे कानाचे काम डोळ्याकडे गेले. त्यातच १९९७ पासून सूर दुरुस्त करणारी संगणकीय सोय ध्वनिमुद्रणात शिरली आणि बहुतेक गाणी समान अंतरांच्या त्या बारा खाचांत बसवली जाऊ लागली. हीच गाणी ऐकून वाढलेल्या मुलाला तंबोऱ्याचा गंधार ‘उतरलेला’ वाटला, तर त्याला दोष कसा द्यावा?

माझे विद्यार्थी भावगीताचा विषय निघाला की हसत सांगतात, ‘आम्ही गाण्यातले औरंगजेब.’ विचारले तर निघते एवढेच, की आठवीत कोणीतरी समूहगानातून मागे उभे केले होते. ज्यांना खरोखरच स्वरभेद कळत नाही अशी माणसे असतात, पण ती फार थोडी. बाकीच्यांना आपला कान वापरून पाहण्याची संधी मिळालेली नसते.

ती द्यायला फार मोठा खर्च लागत नाही. वर्गात एक तंबोरा असावा. मिरजेचे सतारमेकर तो अजून हाताने घडवतात. परवडत नसेल तर मोबाइलमधला तंबोराही आरंभाला चालेल, परंतु त्यात एक मोठी उणीव आहे: तो लावावा लागत नाही. आणि शिकण्यासारखे जे आहे ते लावण्यात. मुलाच्या हाती खुंटी द्यावी. जोडीच्या दोन तारांपैकी एक लावून ठेवावी आणि दुसरी किंचित उतरवून त्याला जुळवायला सांगावे. तारा जुळत नाहीत तोवर नादात एक थरथर असते. आधी भरभर, मग संथ, अगदी जवळ आल्यावर दीर्घ हेलकावा. खुंटी सोडून मणी हळूच सरकवला की तो हेलकावाही शांत होतो आणि दोन तारांची एक तार होते. हे ऐकायला स्वराचे नाव माहीत असावे लागत नाही, चौथ्या वर्षी शिकवणी लागलेली असावी लागत नाही. मग तारेखालचा दोरा सारून तार बोलती करावी, मुलाला खर्जाच्या तारेशी कान नेऊन गंधार शोधायला सांगावे, आणि तो सापडेपर्यंत गुरुजींनी पेटीला हात लावू नये.